पाचव्या घडीनंतर चादर ऐकत नाही

आपल्याच तोंडचे शब्द कुणीतरी उचलून आपल्यालाच फेकून मारावेत, तसं झालं मावशीचं.

सकाळी सातला ती घड्यांच्या हॉलमध्ये शिरली आणि बघते तर समोरच्या भिंतीवर तिची कविता. वीतवीतभर उंचीची निळी अक्षरं. बाजूला पांढरं फूल रंगवलेलं, कुठल्याच झाडाला न येणारं. आणि खाली बारीक अक्षरात: 'सहनशीलतेचं गाणं. रचना: आमची एक कामगार भगिनी.'

"भगिनी!" मावशी म्हणाली. "चोवीस वर्षांत ह्या मालकानं मला नाव विचारलं नाही आणि आता मी ह्याची भगिनी. राखून ठेव म्हणावं तुझी भगिनी."

"हळू," वन्सं म्हणाल्या. "शिट्टी ऐकेल."

"ऐकू दे. कान आहेत ना त्याला? का तेपण मालकाकडे जमा केलेत?"

शिट्टी म्हणजे सुपरवायझर. गळ्यात शिट्टी घालून फिरायचा. चहाची सुट्टी शिट्टीवर, सुट्टी संपली शिट्टीवर, कोण जास्त बोलली तर शिट्टीवर. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि मावशीच्या मते भित्र्या माणसाच्या हाताखाली काम करण्यापेक्षा वाईटाच्या हाताखाली केलेलं बरं. वाईट माणूस निदान कधीतरी दमतो.

लाँड्री मोठी होती. शहरातल्या चार हॉस्पिटलांच्या चादरी तिथं यायच्या. खाली धुलाई, मधल्या मजल्यावर इस्त्रीचे रोलर, वरती घड्यांचा हॉल. हॉलमध्ये अकरा टेबलं आणि बावीस बायका. एका चादरीला दोघी. टेबल कमरेएवढं, चादर दोघींच्या मध्ये ताणलेली, आणि सात ते तीन उभं राहायचं. बसायला काही म्हणजे काही नाही. खुर्ची नाही, बाक नाही, उलटी बादलीसुद्धा नाही, कारण बादली उलटी केलेली दिसली की शिट्टी वाजायची.

मावशीच्या समोर चादरीचं दुसरं टोक धरून वन्सं उभ्या असायच्या. वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. मावशी त्यांना वन्सं म्हणते म्हणून अख्खा हॉल त्यांना वन्सं म्हणायचा. शिट्टीसुद्धा म्हणायचा. त्याला वाटायचं ते त्यांचं नावच आहे. एकदा हजेरीच्या कागदावर त्यानं तसंच लिहिलं होतं, आणि बायका दोन दिवस हसत होत्या.

एकोणीस वर्षं ह्या दोघी एका चादरीला होत्या. घरी एका खोलीत राहायच्या, एका स्टोव्हवर दोन चवींचं शिजवायच्या कारण वन्संना तिखट चालायचं नाही, आणि रोज भांडायच्या. पण टेबलापाशी उभ्या राहिल्या की चादर दोघींच्या हातात अशी फिरायची जणू एकाच बाईला चार हात आहेत.

आता कवितेचं सांगायला पाहिजे, कारण ती मुळात कविता नव्हतीच. मोजणी होती.

चादरीला चार घड्या लागतात. तीन घातल्या तर रुंद राहते, पाच घातल्या तर जाड होते. दहा चादरींचा गठ्ठा फळीच्या खाचेत बसला पाहिजे, आणि खाच चार घड्यांच्या मापाची. मावशी एकोणीस वर्षांची असताना इथं लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या दोनशे चादरी परत आल्या. तिच्या तोंडाची टकळी चालू असायची आणि मोजणी चुकायची. तेव्हा हॉलमध्ये एक म्हातारी घडीवाली होती, सगळ्या तिला थोरली म्हणायच्या. तिनं मावशीच्या मनगटावर चापट मारली.

"तोंडानं मोज."

"मोजते की. एक, दोन..."

"एक दोन नको. मध्येच कुणी हाक मारली की आकडे सांडतात. काहीतरी जुळवून म्हण. जुळलेलं सांडत नाही."

मग मावशीनं जुळवलं. एका ओळीला एक घडी.

एक घडी घातलीस, अर्धी झाले मी
दुसरी घडी घातलीस, पाव झाले मी
तिसरी घडी घातलीस, हातात मावले मी
चौथी घडी घातलीस, फळीवर गेले मी

महिन्याभरात सगळ्या अकरा टेबलांवर तेच चालू झालं. रोलरच्या घरघरीतून मावशीचा आवाज वर यायचा, बाकीच्या मागून ओढायच्या, आणि अकरा चादरी एकदम अर्ध्या व्हायच्या, एकदम पाव. घड्याळाकडे कुणी बघायचं नाही. नवी बाई आली की तिला घडी शिकवायचे नाहीत, ओळी शिकवायचे. हात आपोआप मागे यायचे.

आणि त्यातला तो 'तू' कोण, ह्यावर डबा खाताना वाद चालायचे. ज्यानं घडी घातली तो.

"माझी सासू," दोन नंबरच्या टेबलावरची म्हणायची.

"माझा थोरला भाऊ. लग्न त्यानं ठरवलं."

"माझा नवरा."

"तुझा नवरा कसला घडी घालतोय, त्याला स्वतःचा शर्ट दुमडता येत नाही."

मावशी काहीच सांगायची नाही. शाळेत सहावीपर्यंत होती तेव्हा कवितेच्या तासाला तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. पेपरात प्रश्न होता, कवीच्या वाटेत काय आडवं आलं. तिनं लिहिलं, खडक. बाईंनी शून्य दिलं. उत्तर होतं, संकट. "मग संकटच लिहायचं ना सरळ," मावशीनं विचारलं, "खडकाला कशाला मध्ये ओढायचं?" वर्ग हसला आणि ही बाहेर. पुढच्या वर्षी आई आजारी पडली, धाकट्यांना सांभाळायला कुणी नव्हतं, आणि शाळाच सुटली. पण हॉलमध्ये चार ओळी जुळवल्यावर तिला खडकाचं कळलं. संकट असं सरळ म्हटलं की ज्याच्यामुळे संकट आहे तो कान टवकारतो. खडक म्हटलं की त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणता येतं, आणि तो वर मान डोलावतो. चोवीस वर्षं ती शिट्टीच्या तोंडावर म्हणत होती, तू मला दुमडलंस, आणि शिट्टी पायानं ताल धरायचा.

तर ही कविता भिंतीवर कशी गेली?

मालकाची मेहुणी कॉलेजात कविता शिकवायची. महिन्यापूर्वी ती लाँड्री बघायला आली होती, आणि बघता बघता तिच्या कानावर ओळी पडल्या. लगेच वही काढली. चहाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं. बाई गोड होती, बूट छान होते, आणि ह्या बावीस जणी उभ्या आहेत म्हणून तीसुद्धा उभी राहिली, एवढं तिच्या बाजूनं बोलायला पाहिजे.

"यातली चादर कोण आहे?" तिनं विचारलं.

"हॉस्पिटलची आहे," मावशी म्हणाली.

बायका फिसफिसल्या. मॅडमपण हसल्या. "नाही, म्हणजे हे रूपक आहे. बोलायचं चादरीबद्दल आणि दाखवायचं दुसरंच काहीतरी. ही चादर म्हणजे तुम्ही सगळ्या. आयुष्य तुम्हाला दुमडतं. तुम्ही लहान होत जाता, पण फाटत नाही. तक्रार नाही, आरडाओरडा नाही, शेवटी शांतपणे आपल्या जागी जाऊन बसता. किती सोसणं आहे ह्यात! किती चिकाटी!"

"तक्रार नाही?" वन्सं म्हणाल्या. "हिची? मॅडम, चार दिवस आमच्याकडे राहायला या."

मॅडमनी तेपण लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "एवढीच आहे? मला वाटतंय पुढे अजून एखादी ओळ असेल."

मावशीनं वन्संकडे बघितलं. वन्संनी नजर खाली घातली.

"एवढीच," मावशी म्हणाली.

खोटं बोलली. पाचवी ओळ होती. पण ती हॉलमध्ये म्हणायची नव्हती. एक तर चादरीला पाचवी घडी नसते. आणि दुसरं म्हणजे ती दोघींची होती.

नऊ वर्षांपूर्वी मावशीचा नवरा, म्हणजे वन्संचा भाऊ, ह्या चारांतल्याच एका हॉस्पिटलात गेला. गाडीवर हमाली करायचा, छातीत पाणी झालं, सोळा दिवस पडून होता. दुपारी दोनच्या सुमाराला संपलं. त्याला नेल्यावर कॉट रिकामी झाली आणि दोघी तिथंच उभ्या. कॉटवर चादर होती. कोपऱ्यात त्यांच्याच लाँड्रीचा शिक्का. वन्संनी एक टोक उचललं. का उचललं, त्यांनाही सांगता आलं नसतं. मावशीनं दुसरं उचललं. एक, दोन, तीन, चार. चार झाल्यावर थांबायचं होतं, पण वन्सं थांबेनात. भावाची चादर, त्या दुमडतच राहिल्या. पाचवी घडी घातली, ती बसली कशीबशी. सहावीला चादर ऐकेना. वन्सं गुडघ्यानं दाबत होत्या, तळव्यानं दाबत होत्या, आणि ती परत परत उघडत होती. जवळून जाणारी नर्स म्हणाली, अहो, राहू दे, धुलाईलाच जाणार आहे. तेव्हा मावशीच्या तोंडून ओळ गेली. वन्संनी ऐकली. त्या दिवसापासून कधी खोलीतलं अंथरूण आवरताना दोघींपैकी एक जण ती पुटपुटायची. बास.

आता भिंतीवर चारच ओळी होत्या, फुलासकट.

आणि त्याच सकाळी शिट्टीनं दोघींना कोपऱ्यात बोलावलं. पंधरा दिवसांपूर्वी मावशीनं अर्ज दिला होता. वन्संच्या पायाच्या शिरा फुगून गाठी झाल्या होत्या, डाव्या घोट्यावर जखम होती ती भरत नव्हती. डॉक्टरनं सांगितलं होतं, उभं राहणं बंद. अर्ज एका ओळीचा होता: टेबलाच्या उंचीचं एक स्टूल द्यावं, काम बसून होईल. बसून घडी घालता येते हे मावशीनं घरी दोन खोक्यांवर वन्संना बसवून तपासलं होतं. तिसऱ्या घडीला नेहमी दोघी चालत जवळ येतात, तिथं एकटी मावशी चालत आली. काही अडलं नाही.

"मालक नाही म्हणाले," शिट्टी म्हणाला. "एकीला दिलं की बावीस जणींना द्यावं लागेल म्हणाले."

"मग द्या बावीस जणींना."

"मावशी, माझं ऐक. आज अकरा वाजता मोठ्या हॉस्पिटलचे लोक येणार आहेत. पाचवं काम मिळायचंय. त्यांच्यासमोर वन्संच्या पायाची पट्टी दिसायला नको. साडेदहाला त्यांना मागच्या खोलीत पाठव. आणि..." त्यानं गळ्यातली शिट्टी उगाच फिरवली. "सोमवारपासून त्यांनी नाही आलं तरी चालेल. आराम करा म्हणाले मालक."

वन्संचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो तसाच राहिला. मावशीला माहीत होतं, ह्या बाईला आराम म्हणजे काय. भावजयीच्या ताटातलं खायचं आणि रोज स्वतःला मोजत बसायचं. सहा महिन्यांत संपली असती.

"हे मालक स्वतः बोलले?"

"मी विचारलं गं त्यांना परत. तर म्हणाले, भिंतीवर वाच. त्या बायकांनी स्वतःच लिहिलंय. हसत हसत फळीवर जातात म्हणे, ह्यांना कशाला स्टूल पाहिजे."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मावशीला आधीही माहीत होतं, पण ही आग वेगळी होती. नवऱ्यानं मारलं असतं तर, मालकानं शिवी दिली असती तर, तिला उत्तर आलं असतं. इथं मारणारा हात तिचाच होता. तिनं जुळवलं, तिनं म्हटलं, तिनं मॅडमच्या वहीत घातलं, आणि त्याच ओळींनी तिच्या नणंदेला दारातून बाहेर काढलं. "हसत" हा शब्द तर कुठंच नव्हता. तो त्यांनी स्वतःच घातला.

"चला," ती वन्संना म्हणाली.

"अगं, शांत..."

"शांतच आहे. धरा टोक."

मावशीनं ओळ उचलली. हॉल मागे आला. एक घडी, अर्धी. दुसरी, पाव. ती भिंतीकडे बघून म्हणत होती, रोखून, जणू तिथं माणूस उभा आहे. तिसरी. चौथी. आणि चौथीनंतर तिचं तोंड थांबलं नाही.

पाचवी घालून बघ, जाड झाले मी

वन्संनी मान झटकन वर केली. डोळे भरले होते त्यांचे. पण हात? हात ओळीमागे गेले. पाचवी घडी पडली.

मुद्दाम केलं नव्हतं, हे मावशी नंतर शंभर वेळा सांगायची, आणि खरंच केलं नव्हतं. तिला फक्त म्हणायचं होतं. पण ह्या हॉलमध्ये चोवीस वर्षं हात तोंडाच्या मागे चालत आले होते, मध्ये डोक्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या चादरीला ती ओळ परत आली. मग दोन नंबरच्या टेबलानं उचलली, मग सातनं. ओळ नवी होती, चढती होती, तोंडात बसत होती. बायकांपैकी कुणी विचारलं नाही ही कुठली. ज्यांच्या डोक्यात सासू होती त्यांनी सासूला म्हटली, ज्यांच्या डोक्यात भाऊ होता त्यांनी भावाला. आवाज इतका वाढला की खालच्या धुलाईतला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. अकरा टेबलं, चादरीमागून चादर, पाचवी घालून बघ, पाचवी घालून बघ.

एरवी पहिला गठ्ठा फळीवर जाताच कळलं असतं. पण त्या दिवशी पाहुण्यांसाठी फळ्या धुऊन पुसून ठेवल्या होत्या, तिकडे कुणाला जायला बंदी होती, आणि गठ्ठे टेबलांपाशीच साचत होते. शिट्टी फाटकावर पाहुण्यांची वाट बघत होता.

सव्वादहाला तो वर आला. "चला, फळ्या भरा, पटापट!" पहिला गठ्ठा त्यानं स्वतःच उचलला, खाचेत घातला. जाईना. आडवा केला. जाईना. दुसरा उचलला. मग त्यानं हॉलभर बघितलं. साठ-सत्तर गठ्ठे, सगळे चौकोनी, जाडजूड, उशीसारखे.

त्यानं शिट्टी वाजवली नाही. विसरला. नुसता ओरडला. "हे काय आहे? कुणी केलं हे? पाच घड्या?"

बायका एकमेकींकडे, मग स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. एकीला हसू फुटलं, ते तिनं बाहीत दाबलं.

"मालक मला जिवंत सोडणार नाहीत! पाऊण तासात पाहुणे आणि फळ्या रिकाम्या! कोण चुकलं पहिलं?" आणि मग, भित्रा माणूस करतो तेच त्यानं केलं. सगळ्यात वाकलेल्या बाईकडे बोट दाखवलं. "वन्सं! तुमचंच असणार. तुमचं लक्षच नसतं आजकाल पायांमुळे. सोमवारची कशाला वाट बघायची, आत्ताच निघा!"

"मी म्हटली," मावशी म्हणाली.

"काय?"

"पाचवी ओळ मी म्हटली. ह्यांनी घडी घातली, सगळ्यांनी घातली, पण ओळ माझी आहे. तुला नाव पाहिजे ना, घे. भगिनी."

"मावशी, मस्करी नको. सगळे गठ्ठे सोडा, परत घाला. वन्सं, तुम्ही निघा म्हटलं ना!"

वन्सं टेबल सोडून दोन पावलं चालल्या. डावा पाय टेकला आणि त्यांचा तोल गेला. मावशीनं त्यांना दंडाला धरलं. बसवायला आजूबाजूला काही नव्हतं. कधीच नव्हतं. तिनं पायानंच एक गठ्ठा ओढला, त्यावर दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि वन्संना त्यावर बसवलं.

हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला. लाँड्रीत धुतलेल्या चादरीला नुसतं कोपर लागलं तरी ती परत धुलाईला जाते. त्यावर बसणं म्हणजे... त्याला शब्दच नव्हता, कारण कधी कुणी केलंच नव्हतं.

"उठवा त्यांना," शिट्टी म्हणाला. "चादरी... मावशी, चादरी आहेत त्या."

"दाखवते तुला. चार घड्यांचे गठ्ठे असते तर पसरले असते. हे पसरत नाहीत. बघ." तिनं वन्संच्या खांद्यावर हात ठेवून जोरात दाबलं.

"अगं, खिळा ठोकतेस का मला?" वन्सं म्हणाल्या.

मग मावशीनं स्वतःसाठी तीन गठ्ठे रचले आणि बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. दोन नंबरच्या टेबलावरची म्हणाली, "माझ्याही गुडघ्यांना काही सोन्याचा मुलामा नाही," आणि बसली. मग तिची जोडीदारीण. मग सात नंबर. पाच मिनिटांत बावीसच्या बावीस बसलेल्या. चोवीस वर्षांत मावशीनं हा हॉल ह्या उंचीवरून पहिल्यांदा बघितला. भिंतीवरची अक्षरं इथून अजूनच मोठी दिसत होती आणि तिला अजूनच राग आला.

मालक आला तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. मागे मेहुणी, वही घेऊन. त्याला आधी काही समजलंच नाही. मग समजलं.

"उठा."

कुणी उठलं नाही.

"काय चाललंय हे? तुम्ही शहाण्यासुरत्या बायका. संध्याकाळी माझ्या ऑफिसात या, बोलू आपण."

"संध्याकाळी तुम्ही नसता," मावशी म्हणाली. "पंधरा दिवस झाले अर्ज दिलाय, तेव्हापण नव्हता."

"हे बघा, ही कविता तुमचीच ना? किती सुंदर लिहिलंय तुम्ही. किती सोसलंय. आणि आज एका स्टुलासाठी..."

"कापलीत तुम्ही ती!" मावशी उभी राहिली नाही, पण आवाज उभा राहिला. "चार ओळींवर कापलीत. मॅडम, चूक माझीपण आहे, तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले. आता ऐका. पाचवी घालून बघ, जाड झाले मी. घडी घातली की चादर लहान होते, एवढंच दिसतं तुम्हाला. घडीला घडी दुप्पट जाड होते ते घालणाऱ्याच्या हातालाच कळतं. ही शांतपणे बसत नाही. ही ऐकायची बंद होते. ते सोसण्याचं गाणं म्हणे! फूल काढलंय वर!"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, मग वही उघडली. "परत सांगाल? ती ओळ. मी लिहून..."

"लिहायचंय? लिहा. बावीस स्टूलं."

"काय?"

"लिहा ना. वही आहे, पेन आहे. बावीस स्टूलं, टेबलाच्या उंचीची, पाय ठेवायला खाली दांडी. आणि वन्सं सोमवारी कामावर. खाली ह्यांची सही. मग ओळ सांगते."

"बावीस शक्य नाही," मालक म्हणाला. "आज तर नाहीच. आत्ता कुठून आणू?"

"आत्ता सही करा आणि माप घ्या. माप घेऊन झालं की उठतो. सगळ्या चादरी परत धुऊ, परत घालू, चार घड्यांच्या. चुकलं ते आम्ही भरू."

खाली फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला. मालकानं खिडकीकडे बघितलं, बसलेल्या बायकांकडे बघितलं, मोकळ्या चकचकीत फळ्यांकडे बघितलं. "अकरा," तो म्हणाला. "एका टेबलाला एक."

"आणि दुसरीनं उभं राहून बघायचं? बावीस."

परत हॉर्न. मॅडमनी पान फाडलं, त्यावर लिहिलं, आणि बहिणीच्या नवऱ्यापुढे धरलं. पेनसुद्धा पुढे केलं. त्यानं अशी सही केली की कागद फाटायचाच बाकी राहिला, आणि जिन्याकडे पळाला. जाता जाता शिट्टीवर ओरडला, "घे बाबा माप! आणि पाच मिनिटांत उठव ह्यांना!"

मावशीनं कागद वाचला. दोनदा वाचला. आकडा बघितला, सही बघितली, सोमवार बघितला. मग घडी न घालता तसाच वन्संच्या हातात दिला. तिला आनंदबिनंद काही झाला नव्हता. एका बाईच्या बुडाखाली दोन फूट लाकूड यायला एवढं करावं लागतं, ह्या विचारानं तिचं डोकं अजून ठणकत होतं.

शिट्टीनं चादरी मोजायचा टेप खुंटीवरून काढला आणि वन्संपुढे गुडघ्यावर बसला. एक टोक फरशीवर दाबलं, दुसरं गठ्ठ्यांच्या कडेला नेलं. टेप घसरत होता.

"नीट धर," मावशी खेकसली. "आणि पायांचं पण घे, लोंबकळतायत त्यांचे. दांडी कुठं पाहिजे ते बघ."

"पाहुणे जिन्यात आहेत गं," वन्सं कुजबुजल्या आणि उठायला लागल्या. "माझ्या पायाची पट्टी दिसेल."

"बसा वन्सं. त्याचं मोजून व्हायचंय."